हौद कशासाठी?

संगणक पाण्याने थंड करतात, हे ऐकून अनेकजण दचकतात. वीज आणि पाणी यांचे वैर आपण लहानपणापासून ऐकलेले असते. पण आयबीएमच्या काही मोठ्या संगणकांत 1960 च्या दशकातच पाणी खेळत होते, आणि आज घरी संगणक जुळवणारी मुलेही प्रोसेसरपर्यंत पाण्याच्या नळ्या नेतात. त्यांच्यात एक वाद हमखास रंगतो. पंप आहे, नळ्या आहेत, रेडिएटर आहे. मग मध्ये वेगळी टाकी हवीच का? मला वाटते, याचे उत्तर आपल्या ऑइल इंजिनाजवळ शोधावे.

किर्लोस्करवाडी 1910 साली वसली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली उभी राहिली. कोल्हापुरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने यंत्रधंदा रुजवला आणि उद्यमनगर इंजिनाच्या सुट्या भागांसाठी ओळखले जाऊ लागले. ही इंजिने दोन ठिकाणी दिसत, आणि पाण्याची सोय दोन्हीकडे वेगळी असे.

नदीकाठच्या इंजिनाला हौद नसे. पंपाच्या पाण्यातूनच एक बारीक नळी काढून इंजिनाच्या जॅकेटला जोडायची. तापलेले पाणी थेट उसाच्या पाटात. नदी हाच हौद. तो उन्हाळ्यात आटू नये म्हणून राधानगरीचे धरण आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे!

पिठाच्या गिरणीत मात्र नदी कुठली? तिथे इंजिनाशेजारी हौद किंवा लोखंडी पिंप असे. गरम पाणी हलके, म्हणून ते आपोआप वरच्या नळीने हौदात जाई आणि खालच्या नळीने गार पाणी इंजिनात येई. पंपाची गरजच नाही. अट एकच, पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली उतरता कामा नये. उतरले की फेरा तुटला. मग हेड तडकणार किंवा पिस्टन जाम होणार, आणि गावाचे दळण अडणार.

आता थोडा हिशेब. पाच अश्वशक्तीचे इंजिन साधारण 3.7 किलोवॉट काम देते आणि ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्यात सोडते. 200 लिटरच्या पिंपातले पाणी त्याने 40 अंशांनी तापायला अडीच तास लागतात. वाफेने आणि पिंपाच्या अंगाने जाणारी उष्णता धरली तर आणखी वेळ मिळतो. म्हणजे गिरणीतला हौद खरोखरच इंजिन थंड ठेवत होता.

संगणकात 300 वॉट उष्णता आणि टाकी पाव लिटरची धरा. तेवढे पाणी 40 अंश तापायला जेमतेम सव्वादोन मिनिटे लागतात. टाकी दुप्पट करा, साडेचार मिनिटे होतील. त्यामुळे मोठी टाकी घेतली की संगणक गार राहतो, ही समजूत सोडून द्यावी. तिथे उष्णता बाहेर टाकण्याचे काम रेडिएटर आणि त्याचे पंखे करतात.

मग टाकी कशाला? हवेसाठी. पंपाने हवा धरली की काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पंप फिरतो, पाणी मात्र चढत नाही. संगणकातल्या मुठीएवढ्या पंपाचेही तेच. नळ्या भरताना आत हवा राहते, पुढे नळ्यांच्या भिंतींतूनही पाणी हळूहळू उडते. टाकीत बुडबुडे वर येऊन सुटतात, कमी झालेले पाणी दिसते, भरता येते. पंपाच्या तोंडाशी कायम पाणी राहते.

कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या संचांत बहुधा वेगळी टाकी नसते. ते भरूनच येतात, आणि उरलीसुरली हवा रेडिएटरच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसते. म्हणून अशा संचात पंप सर्वांत उंच ठेवायचा नसतो. स्वतः जुळवणाऱ्यालाही टाकीऐवजी टी-जोड आणि उभी नळी लावून भागवता येते, फक्त हवा काढताना चिकाटी लागते. तेवढा वेळ नसेल, तर पाव लिटरची टाकी पंपाच्या वर बसवावी.