इंटरनेटबंदीचे कूळ

एखाद्या जिल्ह्यात दंगल उसळली की तेथील इंटरनेट बंद करण्याचा जो हुकूम आज सुटतो, त्याचे कूळ शोधू गेल्यास कंपनी सरकारच्या तारखात्याच्या दप्तरापर्यंत मागे जावे लागते. विल्यम ओ'शॉनेसी या आयरिश डॉक्टराने १८३९ साली कलकत्त्यात तारेचे प्रयोग केले, आणि १८५४ च्या कायद्याने तारा उभारण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे ठेवला. परंतु या साधनाचे खरे मोल राज्यकर्त्यांस उमगले ते ११ मे १८५७ रोजी, जेव्हा मीरतेहून आलेल्या शिपायांनी दिल्लीत प्रवेश केला असता काश्मीर दरवाज्याबाहेरील तारकचेरीत उरलेल्या ब्रेंडिश व पिल्किंग्टन या पोरसवदा तारवाल्यांनी ती खबर अंबाल्यास धाडली, आणि लाहोरच्या अंमलदारांस तेथील पलटणींची हत्यारे वेळीच उतरवून घेण्यास अवसर मिळाला.

पुढे १८८५ च्या तार अधिनियमाच्या पाचव्या कलमाने, सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेस्तव संदेश अडविण्याचा अधिकार सरकारने घेतला. कायदा परकीयांचा खरा; तरीही संदेश अडविण्याच्या त्या तरतुदीत भाषा आहे ती अमुक व्यक्तींच्या किंवा अमुक विषयावरील संदेशांची. आज एका सहीसरशी सबंध जिल्हा मुका होतो, तेव्हा वंशज पूर्वजाहून कठोर निघाला असे मोठ्या खेदाने म्हणावे लागते.

१९६१ च्या दुरुस्तीने तारेच्या व्याख्येत रेडिओलहरी आल्या आणि मोबाइलला त्या कायद्याची कक्षा आधीच आखून मिळाली. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. कायदा मात्र राहिला. २०१५ च्या पाटीदार आंदोलनात गुजरात सरकारने जमावबंदीच्या १४४ व्या कलमाचा आधार घेऊन मोबाइल इंटरनेट थांबविले व उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. २०१७ साली १८८५ च्याच कायद्याखाली स्वतंत्र नियम झाले: गृहसचिवाने हुकूम काढावा, पोलीस अधीक्षकाच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तो कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्यास पोहोचवावा. ज्याची सेवा तुटते, ज्या भाजीवाल्याचे मोबाइलवरचे पैसे अडकतात, ज्या विद्यार्थ्याचा अर्ज भरावयाचा राहतो, त्याला तो हुकूम दाखविण्याची सक्ती त्या नियमांत कोठेही नव्हती.

ही उणीव चव्हाट्यावर आली ती काश्मीरमुळे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील फोन व इंटरनेट बंद झाले, तेव्हा 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आणि १० जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने असे हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत व बेमुदत बंदी अग्राह्य आहे, असा निर्णय दिला. काश्मिरात ४जी सेवा पूर्ववत होण्यास त्यानंतरही फेब्रुवारी २०२१ उजाडले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ च्या कायद्याची जागा घेतली आणि बंदीचा अधिकार कायम ठेवला. मात्र त्याखालील २०२४ च्या नियमांत हुकूम कारणासह प्रसिद्ध करावा, त्यात प्रदेश व मुदत नमूद असावी, ही जी अट आज वाचावयास मिळते, ती त्या संपादकबाईंच्या अर्जाची कमाई आहे.