विंझरच्या माणसाची नादारी कुठे शोधावी

पुणे जिल्ह्यातल्या विंझर गावच्या कर्जदाराच्या नादारीचे कागद तालुक्याच्या ठिकाणी वेल्ह्यात नव्हे, पुण्याच्या जिल्हा न्यायालयात शोधावेत. मुंबई शहराचा १९०९चा कायदा वेगळा, इथे १९२०चा प्रांतिक नादारी कायदा. २०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता व्यक्तींना २०१९मध्ये लागू झाली ती कंपन्यांच्या जामीनदारांपुरतीच. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा दिसतोच, मग न्यायालय कशाला, असे कोणी म्हणेल. पण बोजा त्या गटावरचा. नादारी म्हणजे माणसाच्या सगळ्या देण्यांबद्दलचा न्यायालयाचा आदेश, आणि तो राजपत्रातही छापावा लागतो. हा आदेश ई-कोर्टच्या संकेतस्थळावर शोधायचा तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष, दोन्ही लागतात. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे झाले तरी अर्ज हाती लागेलच असे नाही. म्हणून ‘नोंद सापडली नाही’ यावरून माणूस नादार नव्हता असे ठरवणे मला मान्य नाही.