फटफटीची नाडी

मोटारसायकलला आपल्या माणसांनी ‘फटफटी’ म्हटलं, ते तिच्या आवाजावरून. जिचं नाव कानानं ठेवलं, तिचा आजारही कानानंच ओळखायचा, हे ओघानं आलंच. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या मिस्त्रींनी हेच काम केलं.

१९५५ साली मद्रासला एनफील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६१ मध्ये म्हैसूरला जावा तयार होऊ लागली. पुढं तीच येझदी झाली. साठच्या दशकातच पोलंडच्या गाडीवरून घडवलेली राजदूत आली. बुलेट फोर-स्ट्रोक, बाकी दोन्ही टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये असे व्हॉल्व्ह नसतात, म्हणून टॅपेटची टिकटिकही नसते. तिथं आवाज आला की पिस्टन, बेअरिंग, क्लच किंवा आतली साखळी यांच्यावरच संशय जायचा.

हा संशय महागात पडायचा. आमच्या घरी जुनी राजदूत होती. मृगाच्या तोंडावर ती ठोके देऊ लागली. एका गॅरेजवाल्यानं ऐकताक्षणी सांगितलं, बोअर गेला, ब्लॉक उतरवावा लागेल. बी-बियाण्याचे पैसे त्यात जाणार होते. वडिलांनी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं किक मारण्याआधी इंजिन दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. “मास्तर, इंजिन चांगलंय. फाउंडेशन बोल्ट ढिल्ला झालाय.” पाना दोनदा फिरला, ठोका थांबला. त्या वर्षीची पेरणी वेळेवर झाली.

त्या मिस्त्रीची रीत बाहेरून आत जाण्याची होती. आधी बोल्ट, सायलेन्सर, चेनकव्हर. मग गाडी गार असताना ऐकायचं. गार इंजिनात येणारी आणि तापल्यावर जाणारी ठकठक बहुधा पिस्टनच्या सैलपणाची. तिच्यावर काही दिवस निघतात. नंतर क्लच दाबायचा. आवाज बदलला तर दोष क्लच किंवा गिअरबॉक्सकडं. चढाला वरच्या गिअरमध्ये काचेसारखी किणकिण आली, तर आधी टायमिंग आणि पेट्रोल तपासायचं. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलनंही असं होतं. पण ओझं पडताच खोलवरून दणका येत असेल आणि तापल्यावर तो वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं समजायचं आणि गाडी तिथंच बंद करायची. पुढं रेटली तर क्रँकच जायचा.

शेवटी स्क्रू-ड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाला. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉक्टर लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मला. मिस्त्रीचा स्क्रू-ड्रायव्हर त्याच घराण्यातला.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. ती फोर-स्ट्रोक होती आणि पेट्रोल कमी पीत होती. हळूहळू अशाच गाड्या घरोघर झाल्या. टू-स्ट्रोकवर घडलेल्या कानांना मग नव्यानं शिकावं लागलं. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या लयीत येते. टायमिंग चेन सैल झाली की एका बाजूनं खरखर येते. हा फरक न कळणाऱ्यानं टॅपेटच्या आवाजावर अख्खं इंजिन उघडलं, तर भुर्दंड गिऱ्हाईकालाच.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. नव्या गाड्यांत आता बिघाड दाखवणारा दिवा लागतो. तो सेन्सरचं दुखणं सांगतो. ढिल्ला बोल्ट किंवा झिजलेलं बेअरिंग मात्र त्याला दिसत नाही. जुन्या गाड्यांना तर तो दिवाही नाही, आणि आपल्याकडं शेतावर, बाजाराला त्या अजून धावताहेत. जुन्या मिस्त्रींचे कान आता थकत चालले आहेत. गॅरेजात नव्यानं आलेल्या पोरानं पाना उचलण्याआधी त्यांच्या शेजारी बसून दोन मिनिटं इंजिन ऐकावं. तेवढ्यात एखाद्याची पेरणी वाचते.