बीबीसी रेडिओ ४ : गाणी नाहीत, तरी लोक दिवसभर काय ऐकतात?

ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या बीबीसी रेडिओ ४ वर गाणी जवळपास नसतातच. असतात बातम्या, चर्चा आणि नाटकं. सोमवार ते शुक्रवारचा दिवस साधारण असा असतो.

सकाळी ६ : 'टुडे'. ३ तास बातम्या आणि नेत्यांच्या थेट मुलाखती.

सकाळी १० : 'वुमन्स अवर'. १९४६ पासून चालू, म्हणजे स्टेशनपेक्षाही जुना.

संध्याकाळी ६ : बिग बेनचे टोल, मग बातम्या.

संध्याकाळी ७ : 'द आर्चर्स'. खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची ही मालिका १९५१ पासून देशभर ऐकली जाते. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्नटंचाई होती. उत्पादन कसं वाढवायचं, हे शेतकऱ्यांना गोष्टीतून कळावं, हा तिचा मूळ हेतू.

रात्री १२.४८ : 'शिपिंग फोरकास्ट'. ब्रिटनभोवतीच्या ३१ सागरी विभागांतला वारा, हवामान आणि दृश्यमानता. १८५९ मध्ये वादळात 'रॉयल चार्टर' जहाज बुडून ४०० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर १८६१ मध्ये ॲडमिरल फिट्झरॉय यांनी तारेने वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. या बातमीपत्राचं मूळ तिथे आहे.

आज बोटींवर उपग्रहाची माहिती मिळते. तरीही हे अंदाज रोज वाचले जातात. मग राष्ट्रगीत वाजतं आणि दिवस संपतो.