हायड्राचे दोन तुकडे

मंडळी, गोष्ट १७४० ची. हॉलंडमध्ये दोन मुलांना शिकवणाऱ्या अब्राहम ट्रेंबलीला डबक्याच्या पाण्यात एक इवलासा जीव दिसला, आज ज्याला आपण हायड्रा म्हणतो. रंग हिरवा, पण हालचाल प्राण्याची. त्याने तो मधोमध कापला. तुकडे जगले तर वनस्पती, असा हिशेब. तुकडे जगले, दोन पूर्ण जीव झाले आणि दोघेही भक्ष्य पकडू लागले! आत्मा अविभाज्य मानणाऱ्यांची पंचाईतच झाली. कापला तेव्हा आत्म्याचं काय झालं?

मला हा प्रश्न फालतू वाटत नाही. त्याची भाषा तेवढी बदलली: डोकं कुठे उगवायचं, हे तुकड्याला कळतं कसं? १९०९ मध्ये एथेल ब्राऊन यांनी एका हायड्राच्या तोंडाजवळचा कण दुसऱ्याच्या अंगात रोवला. तिथे नवं डोकं फुटलं, तेही यजमानाच्याच पेशींमधून. अशा ‘संयोजक’ भागाबद्दलचं नोबेल १९३५ मध्ये स्पेमान यांना मिळालं. ब्राऊनबाई मागेच राहिल्या.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी इथल्याच हायड्रावर काम केलं. त्यातलं ‘नॉगिन’ जनुक बेडकाच्या गर्भातही काम करतं, हे २०१० मध्ये दाखवलं. आपल्याकडे हायड्रा शोधायचा, तर लोणारच्या खाऱ्या सरोवरात नको बरं का. त्याला गोडं पाणी लागतं.