तीन किल्ल्यांची पेटी

विश्वासू माणसाच्या हाती सगळ्या किल्ल्या द्याव्यात काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेहूनही जुना आहे. राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायात यरुशलेमच्या मंदिराच्या दुरुस्तीचा वृत्तान्त येतो. योवाश राजाने दान स्वीकारणे आणि दुरुस्ती करवून घेणे ही दोन्ही कामे याजकांवर सोपवली होती. त्याच्या कारकिर्दीचे २३ वे वर्ष उजाडले, तरी पडझड तशीच होती. तेव्हा व्यवस्था बदलण्यात आली. यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला छिद्र पाडून ती वेदीजवळ ठेवली. द्वारपाल याजक तीत पैसे टाकीत, राजाचा चिटणीस व प्रमुख याजक मिळून ते मोजीत आणि मोजलेली रक्कम कामावरील मुकादमांकडे जाई. स्वीकारणे, मोजणे आणि खर्च करणे यांची अशी फारकत झाली आणि काम मार्गी लागले.

इ. स. ११९९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी धर्मयुद्धासाठी निधी जमवण्याचा आदेश काढला. प्रत्येक चर्चमध्ये पोकळ ओंडक्याची पेटी ठेवावी व ती तीन किल्ल्यांनी बंद असावी, असे त्यात होते. एक किल्ली बिशपांकडे, दुसरी तेथील धर्मगुरूंकडे, तिसरी एखाद्या भाविक प्रापंचिकाकडे. त्या युद्धांविषयी आज आपले मत काहीही असो, ही योजना मात्र विचार करण्याजोगी आहे. बिशपांनाही एकट्याने पेटी उघडता येत नव्हती आणि साध्या प्रापंचिकावाचूनही ती उघडत नव्हती.

हे शहाणपण विसरल्याची किंमत १९९५ मध्ये लंडनच्या बेअरिंग्ज बँकेने मोजली. १७६२ साली स्थापन झालेल्या या बँकेच्या सिंगापूर कचेरीत निक लीसन हा एकच अधिकारी सौदेही करी आणि त्या सौद्यांच्या हिशेबावरही त्याचाच ताबा असे. तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवीत गेला. ही दोन्ही कामे एकाच हाती असणे धोक्याचे आहे, असा इशारा बँकेच्याच अंतर्गत लेखापरीक्षकांनी १९९४ मध्ये दिला होता. तो कागदावरच राहिला. तोटा सुमारे ८२.७ कोटी पौंडांवर गेला आणि बँक अवघ्या एका पौंडाला विकली गेली.

संगणकशास्त्रानेही हीच वाट धरली. १९७५ मध्ये जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी एका किल्लीपेक्षा दोन किल्ल्यांनी उघडणारे कुलूप अधिक सुरक्षित, हे तत्त्व संगणकातील माहितीच्या रक्षणासाठी मांडले. १९८७ मध्ये डेव्हिड क्लार्क व डेव्हिड विल्सन यांनी व्यापारी संगणकव्यवस्थेत कर्तव्यांच्या विभागणीला मध्यवर्ती स्थान दिले. आज बँकेत एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसरा तिला मंजुरी देतो, ती याच तत्त्वाची अंमलबजावणी होय.

१९८३ च्या धर्मविधिसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती अनिवार्य केली आहे. तरीही हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वस्तुतः किल्ल्यांच्या वाटणीमुळे दानाइतकेच किल्लीधारकाचेही रक्षण होते. ज्याला एकट्याने पेटी उघडताच येत नाही, त्याच्यावर खोटा आळ घेणे कठीण जाते आणि मोहाच्या क्षणी तो एकटा पडत नाही. मात्र तीन किल्ल्या सोयीसाठी एकाच खिळ्याला टांगल्या, तर पेटीला कुलूप असून नसल्यासारखेच!