बापाचे जोते, लेकाची नक्षी

घराचे जोते घालणारा आणि त्यावर अखेरचा हात फिरवणारा हे पुष्कळदा निरनिराळे असतात. आपल्याकडचे वाडे बहुधा असेच पुरे झाले. बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या आवारातील ज्या वास्तूला आज टिपू सुलतानाचा उन्हाळी राजवाडा म्हणतात, तिचीही कथा तीच आहे. तिचे काम १७८१ साली आरंभले ते हैदर अलीने.

मैसूरच्या वोडेयर राजाकडून बंगळूर हैदरला जहागीर म्हणून मिळाले होते. तेथील मातीचा कोट त्याने दगडी केला, लालबागेची लागवड आरंभली आणि मग या राजवाड्यास हात घातला. परंतु ते वर्ष स्वस्थपणे घर बांधण्याचे नव्हते. इंग्रजांशी युद्ध जुंपले होते. १७८१ च्या जुलैत पोर्तो नोव्हो येथे हैदरचा पराभव झाला आणि ७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरनजीकच्या छावणीत तो मरण पावला. आपल्या घराच्या भिंती चढताना त्याने फारशा पाहिल्या असतील, असे वाटत नाही.

टिपू त्या वेळी मलबारात लढत होता. वारसा म्हणून त्याच्या हाती राज्य आले, चालू युद्ध आले आणि हे अर्धे घरही आले. १७८४ साली इंग्रजांशी मंगळूरचा तह झाला. पुढल्याच वर्षी मराठे व निजाम यांच्याशी लढाई उभी राहिली. १७८९ च्या अखेरीस त्रावणकोरचे प्रकरण निघाले. एक दुमजली घर पुरे व्हायला दहा वर्षे का लागली, याचा उलगडा या सनावळीतच होतो.

तरीही टिपूने ते टाकून दिले नाही. दगडी बैठकींवर उभे केलेले सागवानी खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी, पूर्वेस व पश्चिमेस वरच्या मजल्यावरून पुढे आलेले सज्जे आणि भिंतींवर, छतावर रंगवलेली वेलबुट्टी असे हे काम आहे. सज्जात बसून सुलतान राज्यकारभार पाही, असे सांगतात. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिवाणखान्यातही सुरूच्या घाटाचे लाकडी खांब होते. तो वाडाही थोरल्या बाजीरावाने बांधला आणि पुढच्या पेशव्यांनी वाढवला, सजवला. राज्यांत वैर असले तरी सुताराच्या पटाशीला ते ठाऊक नसते! १८२८ च्या आगीत पुण्याचे लाकूडकाम जळाले. बंगळूरचे मात्र वाचले.

या घराला टिपूने दिलेली सर्वांत खासगी वस्तू म्हणजे त्याचे नाव. लाकडी पडदीवरील फारसी लेखात वास्तूला ‘रश्क-ए-जन्नत’, म्हणजे स्वर्गालाही जिचा हेवा वाटावा अशी, म्हटले आहे. बापाने आरंभलेल्या घराला लेकाने दिलेले हे नाव. त्यात अतिशयोक्ती आहेच. पण नव्या घराच्या चौकटीवर कोण मोजून मापून लिहितो?

राजवाडा पुरा झाल्याचे साल १७९१ मानले जाते, आणि २१ मार्च १७९१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला. घर तयार होण्याचे आणि परक्याच्या हाती जाण्याचे साल एकच! कॉर्नवॉलिसच्या सैन्याबरोबर आलेला चित्रकार रॉबर्ट होम याने मैसूर प्रांतातील दृश्यांचा जो चित्रसंग्रह १७९४ साली प्रसिद्ध केला, त्यात बंगळूरही आहे. सुलतानाच्या हौसेचे दर्शन परमुलखाला घडले ते असे, शत्रूच्या कुंचल्यातून.

१७९२ च्या तहाने बंगळूर टिपूला परत मिळाले. जो कोट इंग्रजांना अडवू शकला नाही तो ठेवण्यात अर्थ नाही, अशा विचाराने त्याने किल्ल्याची तटबंदी पाडवली. बापाने बांधलेले दगड त्याने पाडले. बापाने आरंभलेले घर मात्र राहू दिले. पुढे १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले आणि त्या लढाईत टिपू मारला गेला.

त्यानंतर या महालात इंग्रजी अंमलाच्या कचेऱ्या भरू लागल्या. १८६८ साली त्या नव्या अठरा कचेरीच्या इमारतीत गेल्या. वेलबुट्टीचे रंग आता बरेच विटले आहेत. तळमजल्यावर लहानसे संग्रहालय आहे. लाकडी पडदीवरचे ते फारसी नाव अजून जागेवर आहे.